दहा पावलांचं गाव

"किती मान्सं मावतील यात?" काळ्या डब्यावर हात ठेवून गोटीरामने विचारलं.

वाशीच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं. दुकानवाल्या संघप्रियाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हणजे काय, काका? गेम कोण खेळणार आहे?"

"आमी दोघं," स्टुलावर बसलेली त्याची बायको राजाबाई म्हणाली. "खेळायचं नाय, बाय. उभं ऱ्हायचं."

मग तिनेच सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. गाव विमानतळाखाली गेलं. माणसं उलव्याला, पनवेलला, जागा मिळेल तिथे गेली. गावातल्या मितेशने ऑनलाइन गेममध्ये गाव पुन्हा बांधलं, घराला घर, ओट्याला ओटा. आता देवीची पालखी तिथेच फिरते. जत्रेच्या संध्याकाळी दोनशे माणसं आपापल्या घरून आत शिरतात. पालखी दारोदार जाते. दारात घरचं माणूस उभं असेल तर थांबते, नसेल तर पुढे जाते.

"मग राहा की उभे."

"ऱ्हातो ना. पालखी आली की तिच्यामागं सगळा गाव येतो, आनि आमचा लॅपटॉप हँग व्हतो. चालू व्हईपर्यंत पालखी तिसऱ्या घरी. दोन वर्सं झाली."

"तिसऱ्या वर्सी दार रिकामं दिसलं की ते दार सुटलं," गोटीराम म्हणाला. "परत पालखी थांबत नाय. येत्या मंगळवारी जत्रा हाय."

"तो मितेश दोन मिनिटं थांबवणार नाही तुमच्यासाठी?"

"थांबवतो बोल्ला. मीच नको बोल्लो. एकाला एक रीत आनि दुसऱ्याला दुसरी, असं नसतं."

संघप्रियाने बजेट विचारलं. गोटीरामने आधी दोन बोटं दाखवली, मग पाच, आणि म्हणाला, "पंचवीस. हजार."

"पंचवीसमध्ये एक तर चित्र झकास दिसेल, नाहीतर माणसं मावतील. दोन्ही नाही जमणार."

"मान्सं," गोटीराम म्हणाला.

तिने ग्राफिक्स कार्डाचा खोका फळीवर परत ठेवला. कार्ड चित्र रंगवतं, गर्दी प्रोसेसर सांभाळतो, असं काहीतरी ती बोलत होती. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना डबा तिने उघडला, त्यात रॅम वाढवली. उरलेल्या पैशांत बॅटरी बसेल म्हणाली. ऐन वेळी लाइट गेली तर?

"गेली तर देवीलाच इचारू, तुजी लाइट कुठं गेली," राजाबाई म्हणाली. कोणी हसलं नाही.

चाचणीसाठी मितेशला फोन लावला. त्याने तिकडून माणसांऐवजी दोनशे बाहुल्या गेममधल्या गावात सोडल्या आणि त्यांच्यापुढे पालखी दिली. पडद्यावर ओटा आला, दार आलं. दारात गोटीरामचं नाव डोक्यावर घेऊन एक माणूस उभा होता. पालखी गल्लीत वळली, मागून बाहुल्यांचा लोंढा वळला, आणि पडदा थिजला.

"काही गोष्टी काढाव्या लागतील," संघप्रिया म्हणाली. "लांबचं आधी. डोंगर काढू?"

"तो तर कवाच फोडला. जाऊ दे."

"खाडी?"

"जाऊ दे."

"झाडं?"

"दारातला आंबा तेवढा..." राजाबाई म्हणाली.

"एकेक नाही ठेवता येत, मावशी. सगळी एकदम जातात."

"जाऊ दे मंग."

"माणसांचे चेहरे?"

गोटीरामने पडद्याकडे पाहिलं. "नावं ऱ्हातील?"

"नावं राहतील. डोक्यावर."

"जाऊ दे."

आता गल्ली मोकळी झाली होती. दाराभोवती थोडी जमीन होती आणि तिच्यापुढे सगळं पांढरं. "दहा पावलांपलीकडे काही दिसणार नाही," संघप्रियाने सांगितलं. "पण हँग होणार नाही. आता टेन्शन नाही." तिने पालखी पुन्हा सोडायला सांगितली.

पालखी अजून यायची होती. गोटीरामने एक बटण दाबलं. पडद्यावरचा माणूस ओट्यावरून उतरला आणि चालू लागला. अंगण संपलं. बोट बटणावरच होतं. पडदा सगळा पांढरा झाला, त्यात माणूस एकटा चालत होता.

"मागे फिरा, काका. घर मागेच आहे."

"कुठं?"

राजाबाईने त्याचं मनगट धरून बोट उचललं. संघप्रियाने माउस घेतला, माणसाला फिरवलं, परत ओट्यावर आणून उभं केलं.

"कुठं चालला व्हता?" राजाबाईने विचारलं.

"कुठं नाय. खाडी कुठनं दिसायची, ते बघत व्हतो."

तिने त्याचं मनगट सोडलं. मग म्हणाली, "मंगळवारी दारातनं हलू नका. येवढं एकच काम हाय तुमाला."

पांढऱ्यातून पालखी आली. तिच्यामागे दोनशे बाहुल्या, चेहरा कुणालाच नाही. पालखी दारापर्यंत आली. पडदा थिजला नाही. पालखी थांबली.

गोटीरामने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर नीट, पूर्ण भार देऊन बसला.