वाटीभर तेल

हिराच्या डोक्यावर केस नव्हते, काथ्या होता. फणीचे तीन दात तिथे कायमचे वस्तीला. धाकट्या पद्मीचे केस मात्र असे, की फणी आपसूक घसरून खाली पडायची. आई रोज पद्मीच्या केसांना बोटभर तेल लावायची, हिराच्या डोक्यात मात्र वाटीभर जिरवायची आणि करवादायची, "ह्येची दोरी वळलंय तर होडी बांधूक पुरतली गो!"

श्रावणात आचऱ्याच्या खाडीत होडी कलंडली. बापाने बुडणाऱ्या दोघींचे केस दोन मुठींत धरले आणि नुसते पाय मारत काठ गाठला. एका मुठीत हिरा होती. दुसऱ्या मुठीतून पद्मीचे केस निसटले होते; मूठ नुसतीच तेलकट.

सुतक फिटल्यावर आई फणी घेऊन बसली. हिराने मान आखडून सवयीने तेलाची वाटी पुढे केली.

आईने ती बाजूला सारली. "नको गो. केस मुठीत रवाक व्हये."