अस्तरातला खिसा

"खातं बंद करू नकोस," मास्तर म्हणाले. तोंडात धरलेली टाचणी काढून त्यांनी कोटाच्या खांद्याला टोचली.

सून दुकानातल्या आरशासमोर हात पसरून उभी होती. "बाबा, ते म्हणतात सगळे पैसे त्यांच्या खात्यात पाठव. तिकडे मोठं घर भाड्याने घ्यायचंय."

"थोडे पाठव. बाकीचे इथेच राहू दे. तुझ्या एकटीच्या सहीने निघतील असे."

"आणि नोकरी?"

"राजीनामा कशाला? बिनपगारी रजा टाक."

तिने आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. "मी नांदायला चाललेय बाबा, सहलीला नाही."

लग्नाला वर्ष होत आलं होतं. लग्नानंतर थोडेच दिवस राहून नवरा परदेशी कामावर परत गेला होता. तेव्हापासून ती सासऱ्यांबरोबर राहत होती. सकाळी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, संध्याकाळी व्हिसाची चौकशी. आता व्हिसा आला होता आणि सासरे मात्र रोज नवा खोडा घालत होते.

शेजारचा इस्त्रीवाला कपडे न्यायला आला होता. त्याने सगळं ऐकलं.

"मास्तर, सरळ सांगा की! सून गेली की आयता चहा बंद, म्हणून जीव कासावीस झालाय."

"तुझे कोळसे विझले वाटतं. जा, फुंक जा."

सुनेला हसू आलं. पण तिच्याही मनात तेच होतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हाताऱ्याला घरात कोणीतरी हवं होतं, एवढंच.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तिने स्पीकर लावला. त्याचा आवाज नेहमीसारखा मऊ होता.

"बाबा, तिची सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये घाला. इथे आली की फाइल माझ्याकडे राहील. ती धांदरट आहे."

"अहो, मी इथेच बसलेय," ती म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय." तो हसला. "आणि खातं एकच बरं. मागच्या वेळी तिचं वेगळं, माझं वेगळं होतं. निस्तरताना नाकी नऊ आले. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मास्तर म्हणाले.

मागच्या वेळी म्हणजे पहिल्या बायकोच्या वेळी. तिकडच्या थंडीत तिच्या छातीत कफ झाला आणि त्यातच ती गेली. हे सुनेला लग्नाआधीच सांगितलं होतं. "काही लपवलं नाही, सरळ माणसं आहेत," असं तिची आई तेव्हा म्हणाली होती.

निघायच्या आदल्या दिवशी कोट तयार झाला. जाड, गुडघ्यापर्यंत येणारा. मास्तर अस्तराला शेवटचे टाके घालत होते. सून समोरच्या स्टुलावर बसली होती.

"पहिलीलाही कोट शिवला होता तुम्ही?"

"शिवला होता."

"मग थंडी कशी बाधली?"

मास्तरांनी सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला. "कोट चांगला होता," ते म्हणाले.

डाव्या बाजूला अस्तराच्या आत त्यांनी एक खिसा केला होता. त्यात तिकडच्या नोटा घातल्या आणि वरून तोंड शिवून टाकलं.

"परतीच्या तिकिटापुरते आहेत. त्याला सांगायचं नाही."

"नवऱ्यापासून चोरून?" तिला राग आला. "बाबा, तुमचा तुमच्या मुलावर एवढासुद्धा विश्वास नाही?"

"म्हाताऱ्याचा हट्ट समज."

तिने कोट हातात घेतला आणि खिशाचं तोंड सहज ओढून पाहिलं. दोन टाके लगेच सुटले. राग विसरून ती हसू लागली.

"हे काय! बाहेर पाटीवर लिहिलंय, शिवण उसवली तर पैसे परत. ही तर फुंकरीने उघडेल."

"हात थरथरतो आता."

त्यांनी सुटलेले टाके पुन्हा घातले. तसेच लांब, तसेच सैल. तिला वाईट वाटलं. वय झालं, आणि आपण म्हाताऱ्याशी उगाच वाद घालतोय.

"द्या इकडे, मीच मशीनवर टीप मारते."

"हात लावू नकोस!"

ते इतक्या मोठ्याने कधीच बोलले नव्हते. मशीनकडे गेलेला हात तिने मागे घेतला. मास्तरांनी कोटाची घडी केली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

सकाळी विमानतळावर तिने वाकून नमस्कार केला. "जेवायची आबाळ करू नका. मी रोज फोन करीन. खातं चालू ठेवलंय, रजाच टाकलीय. झालं समाधान?"

"पोरी..."

"काय?"

मास्तरांचे ओठ हलले. मागून कोणाची तरी ढकलगाडी आली आणि ते बाजूला झाले.

"खिसा डावीकडे आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे हो!" ती हसली आणि काचेच्या दारातून आत गेली. वळून तिने हात केला. कोट अंगातच होता.

मास्तर घरी गेले नाहीत. दुकानात येऊन त्यांनी शटर आतून ओढून घेतलं. कापायच्या टेबलाखालून एक पेटी काढली. तिच्यात दुसरा कोट होता, त्याच कापडाचा, तेवढाच लांब. पहिल्या सुनेच्या सामानाबरोबर तो तिकडून परत आला होता. त्यांनी तो उलटा केला आणि डाव्या बाजूने हात फिरवला. आत नोटा कुरकुरल्या. खिशाच्या तोंडाशी अस्तरावर नखांचे ओरखडे होते, एका जागी दातांनी कुरतडल्याची खूण होती. त्यांनी घातलेली दुहेरी दोऱ्याची शिवण एका टाक्यानेही उसवली नव्हती.