ड्रायव्हरमधला लाल डाग

व्हायरस लागत नाही म्हणून अमळनेरच्या ललितने कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि स्कॅनरने मानच टाकली. तीन दिवस काळ्या स्क्रीनवर कमांड बडवल्यावर तो एकदाचा जागा झाला, पण स्कॅन केलेल्या प्रत्येक पानावर त्याच जागी लाल डाग उमटू लागला.

"नोकरीच्या अर्जाची मुदत आज संपतेय. सायबर कॅफेतून कागद स्कॅन करून आणू का?" बायको नूतनने तिसऱ्यांदा विचारलं.

"हा ड्रायव्हरचा, म्हणजे स्कॅनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा दोष आहे, तुला नाही कळायचं," म्हणत ललितने इंटरनेटवरून परदेशातले दोन जाणकारही कामाला लावले.

चहा घेऊन आलेल्या आईने स्क्रीनवरचा डाग निरखून पाहिला.

 

"दसराले मशिननी पूजा करी तवय काचले कुंकू मीच लायं व्हतं, भाऊ. पुसी टाकू का?"