गुरुजींनी केलेली कोळंबी

भगवानराव गुरुजींनी गळ्यातली तुळशीची माळ काढून देवघरात ठेवली आणि कोळंबी धुवायला घेतली. हाताला सवय नव्हती, दोन तर मोरीतच गेल्या.

शेगावच्या बाजारातला मासेवाला संघपाल त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं डोळेच फाडले होते. "गुरुजी, तुम्ही? अन् झिंगे?" मग त्यानं नीट समजावलं. "तवा चांगला तापू द्या. दोन मिनिटं इकून, दोन मिनिटं तिकून. अन् शेंगदाण्याचा कूट टाकू नोका बरं!"

बायको वंदना देवगडची. गुरुजींची पहिली नोकरी तिकडं, लग्नही तिथंच जमलं. साऱ्या गावासारखी तीही त्यांना गुरुजीच म्हणायची. बदली होऊन शेगावला आल्यावर तिनं एकदा, फक्त एकदाच, माहेरून आलेली सुकी कोळंबी तव्यावर टाकली. गुरुजींनी तापलेला तवा उकिरड्यावर भिरकावला. "माळकऱ्याच्या घरात वशाट शिजवून राह्यली?" त्यानंतर चाळीस वर्षं तिनं कोळंबीचं नाव काढलं नाही.

आता दोन वर्षांपासून तिला माणसंच ओळखू येत नव्हती. पोटची लेक प्रतिमा आली, तर "या, बसा, कुठल्या तुम्ही?" म्हणाली. जेवणही सुटत चाललं होतं. चार दिवसांपासून मात्र एकच घोकणं, "कोळंबी केली का?" ऐकून गुरुजींचा जीव तुटायचा. एकदा तिनं पोटभर खावं आणि आपल्याकडे बघून ओळखीचं हसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

तवा धुरावला. कोळंबी चर्रकन लालसर झाली. परसातली सिमला मिरची, कांद्याची पात, टमाट्याच्या फोडी त्यांनी वरून टाकल्या, भराभर परतल्या आणि तवाच उचलून तिच्या खाटेपाशी नेला.

तिनं वास घेतला. एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग बोटं चाटत खातच राहिली. तवा रिकामा झाला तशी तिनं गुरुजींचं मनगट धरून त्यांना जवळ ओढलं आणि तोंडभर हसली. ओळखलं हिनं! गुरुजींचे डोळे भरून आले.

"भाऊ, लई झ्याक झाली," ती दाराकडे बघत कुजबुजली. "पण तवा लवकर घासून टाका. आमचे गुरुजी शाळेतून येतील."

"हो ताई. नाई सांगत त्यायले," गुरुजी म्हणाले आणि मोरीवर तवा घासायला बसले.