बटण सोडल्यावर

बाबा गेल्यापासून रोज संध्याकाळी मी त्यांच्या रेडिओ सेटवर बसून त्यांच्याशी बोलते. माईकचं बटण दाबलेलं असेपर्यंत पलीकडचं काही ऐकू येत नाही. सोडल्यावरची शांतता मला नको असते, म्हणून बोलणं संपलं की बटण न सोडता सेटच बंद करते.

काल बाबांचे रेडिओवरचे जुने दोस्त, काका, दारात उभे राहिले.

"रोज ऐकतो तुला," ते म्हणाले.

मी ओशाळले. "माहितेय, काका. हौशी रेडिओवाल्यानं हवेत एकतर्फी बोलायचं नाही. लायसन्स जाईल माझं."

"नियम मला शिकवू नकोस, पोरी. एकतर्फी असतं तर तक्रारच केली असती."

"म्हणजे?"

"तुझा बाप वैतागलाय. म्हणतो, अगदी आईवर गेलीय, दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही."

मी हसले. काका हसले नाहीत.

ते गेल्यावर मी सेट लावला, "बाबा" म्हटलं आणि पहिल्यांदाच बटण सोडलं.

बराच वेळ नुसती खरखर होती. मग ती थांबली, आणि पलीकडे कुणीतरी बोलण्याआधी घसा साफ केला.