दिसायला बारीक

"खोट काय यात?" म्हाताऱ्या दादाभाऊंनी विचारलं. शेजारी त्यांच्या पत्नी द्रौपदाबाई उभ्या होत्या.

रुपेशनं कपाटातून काढलेला लॅपटॉप दोन्ही हातांवर धरला होता, बारशाला बाळ धरतात तसा. दिवाळीपासून तो काचेआड पडून होता. घोडेगावातले लोक त्याला बघायला येत आणि जाडजूड लॅपटॉप घेऊन जात.

खोट विचारणारं गिऱ्हाईक मात्र आजवर आलं नव्हतं. रुपेशची खात्री पटली. हेच ते.

परवा चांगदेवमामांनी बजावलं होतं, "रविवारी निमगाव सावाला पोरगी बघायला जायचंय. पण त्याआधी त्यांच्यातलं कुणीतरी दुकानात येऊन जाईल, गिऱ्हाईक होऊन. आपल्याकडं चौकशी अशीच व्हती. खोटं बोलू नको म्हंजे झालं."

रुपेशला आधीचे नकार पाठ होते. कारण एकच. दुकान म्हणजे काही नोकरी नाही. ते नकार त्यानं पचवले होते. वैष्णवीचा नकार पचला नसता. पिवळ्या साडीतला तिचा फोटो मामांनी पाठवल्यापासून त्याच्या फोनला दुसरं काम उरलं नव्हतं.

"सांगतो ना बाबा. आधी बसा तर खरं."

दुकानात स्टूल एकच होतं. त्यावर पेन ड्राइव्ह घ्यायला आलेली एक मुलगी बसली होती. स्कूटीवरून आलेल्या मुलींसारखीच, तोंडभर स्कार्फ, वर गॉगल.

"ताई, जरा आजींना बसू द्या," रुपेश म्हणाला.

ताई उठल्या. द्रौपदाबाई बसल्या. दादाभाऊ उभेच राहिले. नात पुण्याला एम. ए. करते, तिच्यासाठी हवाय, आम्ही शिनोलीचे, असं त्यांनी सांगितलं. रुपेश मनात हसला. आम्ही निमगावचे, असं सांगायला ते काय खुळे होते?

दादाभाऊंनी लॅपटॉप तळहातावर तोलला. "सव्वा किलो भरंल."

"सव्वाच आहे."

"टमाटी तोलून हात बसलाय."

द्रौपदाबाईंनी लॅपटॉप पाहिला, मग रुपेशला पाहिलं. "दिसायला लई बारीक हाय. टिकंल का?"

रुपेशनं शर्ट सारखा केला. "बारीक आहे, पण काटक आहे, आजी. एकदा चार्ज केला की दिवसभर चालतो."

"तापतो का?"

"जास्त काम पडलं तर तापतो. पण आवाज करत नाही. आत पंखाच नाही. गप तापतो, गप निवतो."

"असा बरा," द्रौपदाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं.

चहा आला. ताईंनी नको म्हटलं. स्कार्फ सोडावा लागला असता.

"खोट राहिली," दादाभाऊंनी आठवण केली.

एरवी रुपेश गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नसे, पण सगळं खरंही बोलत नसे. आज तो सगळंच बोलला. "मेमरी आज आहे तेवढीच, पुढं वाढत नाही. बॅटरी थकली तर इथं बदलता येत नाही, पुण्याला न्यावा लागतो. चहा सांडला तर देव आठवा. आणि तारा जोडायला जागा दोनच, त्याही बारक्या."

"म्हणजे माझा पेन ड्राइव्ह याला लागणार नाही?" मागून ताईंनी विचारलं.

"नाही लागणार ताई. मधे जोडायला कनेक्टर घ्यावा लागतो." मग तो दादाभाऊंकडे वळला. "बाबा, खरं सांगू? नातीला नुसतं लिहायचं-वाचायचं असेल, एस्टीनं ये-जा असेल, तर हाच घ्या. पिक्चर-गेमची हौस असेल तर तो जाड घ्या. स्वस्तही पडेल."

"सवताच्या मालाची एवढी बदनामी करनारा पयलाच बघितला, राव," दादाभाऊ म्हणाले. थोडा वेळ त्यांनी झाकण उघडझाप करून पाहिलं. "हाच बांधा. ज्याची खोट आदी कळली त्याच्याशी निभतं."

द्रौपदाबाई पदराआड हसल्या. रुपेशच्या कानात सनई वाजायला लागली. त्यानं खोकं बांधलं, माऊस फुकट दिला, स्क्रीन पुसायचं फडकं दिलं, दोघांना पायरीपर्यंत सोडायला गेला आणि वाकून दोघांच्या पाया पडला.

"रविवारी भेटूच मग," तो हळूच म्हणाला.

"रविवारी?" दादाभाऊ गोंधळले. "रविवारी आमी आहुप्याला लेकीकडं. का वं पावणं, काय काम व्हतं का?"

"तुम्ही निमगाव सावाचे नाही?"

"शिनोलीचे. सांगितलं की मगाशी."

एस्टी आली. दोघं खोकं सांभाळत चढले. द्रौपदाबाईंनी खिडकीतून मोठ्या कौतुकानं हात हलवला.

रुपेश आत आला. आज शुक्रवार संपत आला होता. उद्या दुकानाला सुट्टी. म्हणजे चौकशीलासुद्धा कुणी आलं नव्हतं. त्यांनी पत्रिका बघूनच नकार ठरवला असणार.

"बोला ताई. लई उशीर झाला तुम्हाला."

त्यानं पेन ड्राइव्ह काढून दिला. ताईंनी तो उलटसुलट पाहिला. "यात खोट काय?"

"छोटा आहे. हरवतो."

"आणि दुकानदारात?"

एरवी रुपेशला राग आला असता. आज त्याच्यात तेवढं त्राण नव्हतं. "दुकानदाराला माणसं ओळखू येत नाहीत, ताई."

"ते दिसलंच."

तिनं पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला, बाहेर जाऊन स्कूटी चालू केली, गॉगल कपाळावर चढवला आणि स्कार्फ हनुवटीखाली ओढला.

"रविवारी निमगावला पोहे खायला याल," ती म्हणाली, "तेव्हा तेवढं ताई म्हणू नका."