अतिशय शांत

"अशक्तपणा लिहा ना, डॉक्टर," वडील म्हणाले. "व्यसन कशाला? तो शब्द एकदा कागदावर चढला की पोरीचं नाव कायमचं गेलं."

"अशक्तपणा लिहिला तर टॉनिक देऊन घरी पाठवीन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "व्यसनमुक्तीच्या वॉर्डात खाट हवी तर खरं लिहावं लागेल."

पोर अंग चोरून बसली होती. वय एकवीस. हात थरथरत होते म्हणून मांडीखाली दाबलेले. खाट मिळाली नाही तर संध्याकाळपर्यंत आपण पुन्हा औषधाच्या दुकानाच्या पायरीवर असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आईने पिशवीतून फाइल काढली. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, जपून ठेवलेली. "बघा तरी. व्यसनी पोरीला असले शेरे मिळतात होय?"

बाईंनी मोठ्याने वाचलं. "सहावी, हुशार, पण फार बडबड करते. सातवी, बडबड चालूच. आठवी, शांत झाली आहे, अभिनंदन. नववी, अतिशय शांत. इतर मुलींनी आदर्श घ्यावा." त्यांनी आठवीच्या शेऱ्यावर बोट ठेवलं. "आठवीत काय झालं?"

"समज आली," आई म्हणाली.

समज! आठवीत झोप उडाली होती. सकाळी उठावंसं वाटायचं नाही, घास घशाखाली उतरायचा नाही. नववीत खोकल्याच्या औषधाची पहिली बाटली. मग गोळ्या. सात वर्षं ती खोकल्याचं औषध पीत होती आणि घरात एकानेही विचारलं नाही की बये, तू खोकतेस कधी? उलट पाहुणे आले की हिलाच पुढे करायचे. किती गुणाची! तोंडातून शब्द नाही! शाळेने तर कंपासपेटी दिली बक्षीस. जिवंतपणी मढं झाल्याबद्दल.

"किती बाटल्या?" बाईंनी तिलाच विचारलं.

"तीन. रोज."

"हळू बोल," वडील दाराकडे बघत म्हणाले. "बाहेर माणसं बसलीयत."

ती उठली. दार सताड उघडलं. बाकांवरची डोकी वळली.

"तीन!" ती ओरडली. "रोज तीन! नववीपासून! आणि वर गोळ्या! लिहा, बाई!"

बाईंनी लिहिलं. मग वडिलांनी पुढे केलेला हात टाळून कागद तिच्यासमोर सरकवला. "सही तुझीच लागते. सज्ञान आहेस."

ती सही करू लागली. आईने बाकांवरच्या माणसांकडे पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला.

"अशी नव्हती हो आमची पोर," ती म्हणाली. "किती शांत होती."